पाठीवरचं टू-इन-वन

एका वस्तूत दोन कामं होताना पाहिली की आपल्या मध्यमवर्गाला जो आनंद होतो, तो दोन वस्तू विकत घेऊनही होत नाही. एके काळी घरोघर सोफा-कम-बेड आला. त्याच्यावर बसलं की झोपल्यासारखं वाटायचं आणि झोपलं की रात्रभर बसल्यासारखं. तरी पाहुण्याला तो उघडून दाखवल्याशिवाय चहा मिळत नसे. पुढे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर यांचं लग्न लागलं आणि त्या जोडप्याला टू-इन-वन हेच नाव पडलं. त्यातली टेप अडकली की दुरुस्तीला रेडिओही जायचा आणि घरात आठ दिवस बातम्या बंद. दोन कामांच्या वस्तूला आजारही दोन्ही कामांचा येतो, हे तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

पण ही हौस मरत नाही. आता ती पाठीवर चढली आहे. पाठपिशवी, म्हणजे जिला हल्ली सगळे सॅक म्हणतात, तिच्या पट्ट्याला एक पुठ्ठ्याचं लेबल लोंबत असतं. त्याच्यावर एका बाजूला हरीण, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये मजकूर असा की ही पिशवी शिकार आणि भटकंती, दोन्हींसाठी उत्तम. पुस्तकाचं परीक्षण करताना लोक आधी मलपृष्ठ वाचतात. त्याच न्यायाने या पिशवीचं परीक्षण या लेबलापासूनच सुरू करू.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला सॅकमधलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण पिशवी हेही एक खातंच आहे. तिला सुरुवातीची शिल्लक असते आणि अखेरची शिल्लक असते. भटक्याची पिशवी घरून निघताना भरलेली असते. वाटेत तो खातो, पितो, जळण जाळतो, आणि घरी येतो तेव्हा खात्यात मळके कपडे तेवढे उरतात. शिकाऱ्याचं नेमकं उलटं. तो जाताना हलका जातो आणि नशीब असेल तर येताना मण-दीड मण मांस घेऊन येतो. एकाची शिल्लक घटत जाणारी, दुसऱ्याची एका फटक्यात फुगणारी. ही दोन खाती एकाच पासबुकात चालवायची म्हणजे पिशवी घडवणाऱ्याची कसोटी आहे, आणि लेबलवाल्याने ती एका ओळीत उरकली आहे.

आता 'शिकार' हा शब्द. आपल्याकडे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौशी शिकारीचं खातं बंद झालं. पिकाला किंवा जिवाला धोका असेल तर काही प्राण्यांबाबत सरकारी परवानगीची वाट कायद्यात आहे. पण ती वाट कागदांतून जाते, आणि कागद न्यायला साधी फाईल पुरते. त्याआधीच्या मोठ्या शिकारी आठवाव्यात, तर त्यांत पिशवीचं नाव नाही. साहेबाचा तंबू बैलगाडीत, बंदूक बंदूकवाल्याच्या खांद्यावर, डबा खानसाम्याच्या डोक्यावर. राजर्षी शाहूंच्या काळात कोल्हापुरात चित्त्याकडून काळविटाची शिकार होई, तेव्हा खुद्द चित्ताच डोळ्यांवर टोपडं घालून बैलगाडीत बसून जायचा. (भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालं. टोपड्याखाली त्याला त्याचा अंदाज आला असेल की नाही कोण जाणे.) थोडक्यात, शिकारी मोठा असला की पिशवी दुसऱ्याच्या पाठीवर असते.

पिशवीला अक्कल आली ती स्वतःचं ओझं स्वतः वाहणाऱ्या शिकाऱ्यामुळे. नॉर्वेतला उले बर्गन हा तरुण 1908 च्या सुमारास शिकारीला गेला होता. पाठीवरची पिशवी बोचत होती आणि खांदे ओढत होती. त्याने जुनिपरच्या झुडपाची एक फांदी तोडली, पाठीच्या आकाराला वाकवली आणि पिशवीला लावली. ओझं पाठीला धरून बसलं, आणि पिशवीला सांगाडा असावा ही गोष्ट धंद्यात आली. पुढे 1920 च्या दशकात लॉइड नेल्सन या अमेरिकन गृहस्थाने लाकडाच्या चौकटीवर कापड ताणलं आणि त्याच्यावर पिशवी सुटी बसवली. कल्पना त्याला अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या ओझं वाहायच्या चौकटीवरून सुचली होती. जाताना पिशवी लावा, येताना पिशवी काढून चौकटीवर काय हवं ते बांधा. शिकारी, वनरक्षक, डोंगरात हिंडणारे, सगळ्यांनी ती वापरली. लेबलावरचा दावा खरा करून दाखवणारी वस्तू ती होती, आणि कारण उघड आहे: नेल्सनने दोन कामं एकात कोंबली नाहीत, दोन भाग सुटे ठेवले. 1952 साली डिक केल्टीने ॲल्युमिनियमचा हलका सांगाडा आणि कमरेचा पट्टा आणला, तेव्हा खांद्यांची निम्मी फिर्याद निकालात निघाली.

हे सगळं झालं तिकडचं. इकडे वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगच्या शिवारात शिकार होते ती पिकाची, आणि शिकारी चार पायांवर येतो. पुण्या-मुंबईचे लोक नीलगाय म्हणून ज्याचा फोटो काढतात, तो आमचा रोही. गाय फक्त नावात. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या घरात जातो आणि त्याच वजनाने तुरीत शिरतो. रानडुकरं कळपाने येतात आणि वावर असं उकरतात की नांगरानेही लाजावं. मग घरातला कर्ता माणूस रात्री जागलीला जातो. सोयाबीनपासून हरभऱ्याचे घाटे भरेपर्यंत महिनेच्या महिने मचाणावर काढतो. सोबत काय असतं? बॅटरी, काठी, गोफण, फटाके, भाकरी-ठेच्याचा डबा, पाण्याची बाटली, कानटोपी, घोंगडी. हे आजवर गाठोड्यात जायचं, नाही तर खताच्या रिकाम्या पोत्यात. आता पोरं पुण्याला शिकायला जातात, मित्रांबरोबर राजगड, हरिश्चंद्रगड करतात, आणि सुट्टीत पाठीवर सॅक घेऊन येतात. पोरगं परत गेलं की सॅक जागलीला लागते. म्हणजे लेबलवाल्याला न विचारता आमच्याकडे पिशवीची दोन कामं ठरून गेली आहेत: पोराची भटकंती आणि बापाची जागल.

या दोन कामांच्या नजरेने पिशवी पुन्हा उलटसुलट करून पाहिली, तर गंमत होते. शिकारीच्या पिशवीचा रंग पाचोळ्याचा असतो, कारण शिकारी दिसू नये. भटक्याची पिशवी नारिंगी नाही तर पिवळी बरी, कारण तो दरीत चुकला तर शोधणाऱ्याला दिसावा. जागल करणाऱ्यानेही दिसलंच पाहिजे, रोह्यालाही आणि शेजारच्या वावरातल्या माणसालाही. तेव्हा लेबलावर ज्या रंगाची तारीफ आहे, तो आमच्या दोन्ही कामांना निरुपयोगी. शिकाऱ्याच्या पिशवीने आवाज करू नये, म्हणून तिला मऊ, न सळसळणारं कापड वापरतात आणि खर्रकन उघडणारी चिकटपट्टी टाळतात. आमच्याकडे आवाज झाला तर फटाका वाचला.

पण समीक्षकाने नुसते दोष काढू नयेत. शिकारीच्या काही पिशव्यांत पिशवी आणि सांगाडा यांच्या मध्ये मांस बांधायला एक जागा ठेवलेली असते. ती पट्टे सैल केले की रुंद होते, आवळले की मिटते. तिथे घोंगडी अशी बसते की जणू त्या कारागिराने घोंगडीच मनात धरली होती. बंदूक अडकवायचा जो पट्टा असतो, त्यात काठी जाते. गडावर छत्री जाते. वरच्या बाजूला उचलायचा जो छोटा पट्टा असतो, त्याच्याकडे दुकानात कुणी बघत नाही, पण मचाणावर पिशवी दोरीने वर ओढायची आणि फांदीला टांगायची असते. बांधावर ठेवलेल्या पिशवीत पहाटे विंचू निघतो. तो पट्टा दुहेरी शिवणीचा आहे की नाही, हे ओढून पाहावं. पावसाचं म्हणाल तर आतून खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा अस्तर-कागद घालावा. गडावर जाणारी अनुभवी मंडळीही सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालतात. फरक इतकाच की ती विकत आणतात.

आकार लिटरमध्ये सांगतात, हे मात्र आमच्या बाजाराला पचलेलं नाही. '45 लिटर' म्हटलं की दूध की रॉकेल, असा पुढचा प्रश्न येतो. साधारण हिशेब असा: दिवसभराच्या चालीला 20 ते 30 लिटर, दोन-तीन मुक्कामांना 45 ते 60. मोठी घेऊन ठेवावी, कधी तरी लागेल, हा विचार चुकीचा. रिकामी जागा माणूस भरतोच; पिशवीतली भरतो तशी कर्जमर्यादाही भरतो. भटके लोक ठोकताळा सांगतात की लांबच्या चालीत ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापुढे जाऊ नये. शाळकरी पोरांच्या दप्तराबाबत 2020 च्या केंद्रीय धोरणाने तर दहावा हिस्सा सांगितला आहे. साठ किलोच्या माणसाला बारा किलो झाले. त्यात दोनशे किलोचा रोही कोणत्या कप्प्यात बसवायचा, ते लेबलावरच्या हरणालाच विचारावं.

आपल्या जुन्या पिशव्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं असं नाही. पडशी पाहा. एक कप्पा छातीवर, एक पाठीवर, मध्ये खांदा. वजन दोन्हीकडे सारखं, म्हणून माणूस सरळ चालतो. सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकतो. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या दोन्ही अंगांना गोण्या लादून धान्य आणि मीठ मुलूखभर नेत. त्या समाजाचं पोहरादेवी आमच्याच जिल्ह्यात. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्या जिल्ह्यातल्या मेडशी, शिरपूर, रिसोडवरून जाते. पडशीत एक खोट आहे: भार खांद्यावरच राहतो. कमरेच्या पट्ट्याने तो नितंबाच्या हाडांवर उतरतो आणि मग पाय वाहतात. हे श्रेय नव्या पिशवीला दिलंच पाहिजे. कमरेचा पट्टा म्हणजे शोभेची नाडी समजून जे तो मागे लोंबकळत ठेवतात, त्यांनी सॅकचे पैसे भरून गाठोडं घेतलं.

मात्र हा पट्टा हाडावर बसायचा तर पिशवी पाठीच्या मापाची हवी, आणि माणसाच्या उंचीवरून पाठीचं माप कळत नाही. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड बोटाला लागतं, तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत पाठीवरून मोजायचं. मागे आमच्या काउंटरवर एक खातेदार बापलेक आले होते. पोराला सॅक घ्यायची होती. किंमत क्विंटलभर सोयाबीनच्या पट्टीएवढी. पोरगं म्हणालं, ''साहेब, मले गडावर होते, आन बाबाले जागलीले. एका पैशात दोन कामं.'' मी नाण्यांच्या थैलीची सुतळी काढली आणि दोघांच्या पाठी मोजल्या. रांगेतल्या लोकांना वाटलं, बँकेची कर्जासाठी ही नवी अट. पोरगं बापापेक्षा वीतभर उंच, पण पाठ बापाची दोन बोटं जास्त भरली. पोराची उंची सगळी पायांत गेली होती.

''मंग कोनाच्या मापाची घेऊ?'' पोराने विचारलं.

''तुह्याच मापाची घे,'' बाप म्हणाला. ''मले काय, रातचंच त न्या लागते.''

खातेवहीची सवय असलेल्या माणसाने इथे साधी बेरीज करावी. पोरगं वर्षाला चार वेळा गडावर जाणार, दोन-दोन दिवस. झाले आठ दिवस. बाप तीच पिशवी चार महिने रोज रात्री पाठीला लावणार. झाल्या एकशेवीस रात्री. व्याज दिवसांवर लागतं, उंचीवर लागत नाही. आणि आठ दिवस पिशवी जरा आखूड-लांब झाली तर विशीतली पाठ ते सोसते. पन्नाशीतली एकशेवीस रात्री सोसत नाही, नुसती बोलत नाही एवढंच. हे मी त्या दोघांनाही सांगितलं. बापाने ऐकून घेतलं आणि भरणा-पावतीवर अंगठ्याशेजारी सही केली. पोराने सुतळीला बापाच्या मापावर गाठ मारली आणि खिशात घातली.

तेव्हा परीक्षणाचा निकाल असा. शिकार आणि भटकंतीसाठी एकच पिशवी असू शकते, पण तिचा सांगाडा पक्का, कमरपट्टा रुंद आणि पिशवीचा भाग आवळता-सोडता येणारा हवा. आमच्याकडे ती पाचोळ्याच्या रंगाची नको. विकत घेण्याआधी दुकानात तिच्यात आठ-दहा किलो तूर भरावी, पट्टा आवळावा आणि दुकानदार वैतागेपर्यंत फिरावं. फिरणारा माणूस तो असावा जो ती सगळ्यात जास्त रात्री वागवणार आहे. लेबलावर हरणाचं आणि डोंगराचं चित्र आहे. वाहणाऱ्याचं चित्र त्याच्यावर कुठेच नाही, आणि पिशवी निवडताना आधी बघायचा तो तेवढाच.