शेजारच्या खाटेवरचा माणूस

'आनंद'मध्ये लक्षात राहावा असा कॅन्सरचा पेशंट एकच आहे: खुद्द आनंद. त्याच्या भोवती माणसांची गर्दी आहे. घुम्या डॉक्टर भास्कर आहे, रमेश देव आणि सीमा यांचं गोड जोडपं आहे, ललिता पवारांची मेट्रन आहे, जॉनी वॉकरचा ईसाभाई आहे. आनंद प्रत्येकाला काहीतरी देऊन जातो आणि आपण रुमाल शोधतो. पण हा बडबड्या माणूस, जो रस्त्यावरच्या कुणालाही जुना मित्र समजून हाक मारतो, त्याला त्याच्याच आजाराचा दुसरा माणूस भेटत नाही. पोटात काय होतंय, रात्री झोप कशी उडते, भीती नेमकी कशाची वाटते, हे बरोबरीनं बोलण्याची सोय त्याला कथेनं ठेवलेली नाही. तो इतरांना जगायला शिकवण्यासाठी आजारी आहे.

हा सिनेमा १९७१चा. त्यानंतर किमोथेरपीची औषधं बदलली, तपासण्या बदलल्या, बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. आपल्या गोष्टींमधला कॅन्सर मात्र बराचसा तिथंच आहे: एक आजार, एक नायक, भोवती निरोगी प्रेक्षक.

आता परळला या. १९४१पासून तिथं असलेल्या टाटा मेमोरियलच्या आसपास विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहारमधली, बंगालमधली माणसं प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन बसलेली असतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं असतं, कुणी नातेवाइकाकडे, कुणी फूटपाथवर. इथं एक विद्यापीठ अखंड चालू असतं. किमोनंतर तोंड आलं की गरम-तिखट बंद करून थंड ताकभात कसा जातो, केस गळायची वाट बघण्यापेक्षा आधीच बारीक कापून टाकलेले बरे, 'काउंट' कमी आले म्हणून डोस पुढे ढकलला तर लगेच घाबरायचं नाही, कुठल्या मदतीसाठी कुठला कागद लागतो, हे सगळं तिथं एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातं. डॉक्टरला विचारायची लाज वाटते असे प्रश्नही तिथंच विचारले जातात. कुणी कुणाचं नावही विचारत नाही. कुठला, कसला, कितवी किमो, एवढ्यावर ओळख पक्की होते.

मराठीत अशा नात्यासाठी शब्द आहे: समदुःखी. शब्द आहे, पण त्याचं साहित्य फारसं नाही. आपल्याकडे कॅन्सरवर लिहिलेल्या अनुभवकथनांचा एक ठरलेला साचा आहे. गाठ लागते, पायाखालची जमीन सरकते, कुटुंब पाठीशी उभं राहतं, डॉक्टर देवासारखे भेटतात आणि शेवटी लेखक 'मात' करतो. शेजारच्या खाटेवरचा माणूस या पुस्तकांमध्ये आला तर दोन ओळींपुरता येतो. तो एकतर प्रेरणा देऊन जातो, नाहीतर मरून लेखकाला भानावर आणतो. आणि मेला की वर्तमानपत्र लिहितं, 'कॅन्सरशी झुंज अपयशी'. म्हणजे जगला तो जिंकला आणि गेला तो हरला. ज्याचं औषध लागू पडलं नाही, त्याच्या माथी पराभव मारणारी ही भाषा आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यातला दुष्टपणा जाणवतही नाही. सुसान सोंटॅगनं १९७८मध्ये 'इलनेस अॅज मेटाफर'मध्ये या युद्धाच्या भाषेचा समाचार घेतला होता. पण रूपक काढून टाकल्यावर त्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न उरतोच. मला वाटतं, तिथं दुसरा पेशंट ठेवायला हवा.

हा दुसरा पेशंट दाखवणं सोपं नाही, हे जगभरच्या साहित्य-सिनेमाकडे बघितलं की कळतं. 'फाइट क्लब'मध्ये (१९९९) निद्रानाशानं पिडलेला नायक आजार नसताना कॅन्सरच्या सपोर्ट ग्रुपमध्ये जाऊन बसतो, कारण तिथं रडलं की त्याला झोप लागते. ही टिंगल आहे, आणि ती नेमकी आहे: दुसऱ्याचं दुःख हेही वापरून टाकायचं सामान होऊ शकतं. पण त्याच सिनेमातली क्लोई आठवा. मरायला टेकलेली ही बाई ग्रुपसमोर उभी राहून सांगते की मरणाची भीती आता उरलेली नाही, शरीरसुखाची इच्छा तेवढी उरली आहे आणि तिच्या जवळ यायला कुणी तयार नाही. ग्रुप चालवणारी बाई घाईघाईनं तिचे आभार मानून माइक काढून घेते. मन मोकळं करायला जमलेल्या खोलीतही काय मोकळं करायचं हे ठरलेलं असतं. दिग्दर्शकाला तिथं हसू हवंय, पण त्या हशात एक गंभीर आरोप दडलेला आहे.

जॉन ग्रीनच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'चा (२०१२) आरोपही साधारण तोच. 'दिल बेचारा'मुळे ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. मूळ कादंबरीत सपोर्ट ग्रुपला मोठी जागा आहे. चर्चच्या तळघरात मुलं गोल करून बसतात, पॅट्रिक नावाचा मोठा माणूस दर वेळी स्वतःच्या आजाराची तीच कहाणी सांगतो आणि शेवटी ग्रुपमधल्या मेलेल्या मुलांची लांबत जाणारी यादी वाचतो. हेझल या सगळ्याला कंटाळलेली आहे, आणि वाचक तिच्या बाजूनं हसतो. पण पुढे काय होतं बघा. आयझॅकचे डोळे जाणार आहेत आणि मैत्रीण आधीच सोडून गेली आहे. तेव्हा ऑगस्टस त्याला उपदेश करत नाही. आपल्या बास्केटबॉलच्या ट्रॉफ्या त्याच्यापुढे करतो आणि फोडू देतो. पुढे ऑगस्टस स्वतः मरणाच्या दारात असताना दोन मित्रांकडून जिवंतपणीच आपली श्रद्धांजलीची भाषणं ऐकून घेतो, आणि त्यासाठी निवडतो ती चर्चमधली तीच खोली. ज्या ग्रुपची कादंबरीनं थट्टा केली, त्याच्याच खोलीत तिचा सर्वांत खरा प्रसंग घडतो. नियम ठरवणारा मोठा माणूस बाहेर गेला की समदुःखी एकमेकांशी बोलू लागतात, असं ग्रीनला म्हणायचं असावं. मात्र त्याचे हे तिघं फारच हुशार बोलतात. भीतीनं बोबडी वळलेला, रागानं तुसडा झालेला, सामान्य बुद्धीचा पेशंट या कादंबरीत कोपऱ्यातच राहतो.

या प्रश्नाला सर्वांत थेट भिडली ती ऑड्री लॉर्ड. ती कृष्णवर्णीय, समलैंगिक कवयित्री होती. १९७८मध्ये तिचा एक स्तन काढला गेला आणि १९८०मध्ये 'द कॅन्सर जर्नल्स' आलं. ऑपरेशननंतर तिला भेटायला 'रीच टू रिकव्हरी' या उपक्रमाची स्वयंसेविका आली. ही कल्पना मुळात सुंदर: स्वतः या ऑपरेशनमधून गेलेल्या बाईनं नव्या पेशंटला भेटायचं. टेरेसे लॅसर या पेशंटनं १९५०च्या दशकात अमेरिकेत तिची सुरुवात केली होती. पण आलेल्या बाईनं सोबत आणला होता ब्राच्या एका बाजूला भरायचा लोकरीचा गोळा, आणि निरोप हा की तू आधीसारखीच दिसू शकतेस. लॉर्डला तिचा चांगुलपणा कळतो. पण मरणाबद्दल, प्रेमाबद्दल, उरलेल्या आयुष्याबद्दल जे विचारायचं होतं त्याला त्या पिशवीत जागा नव्हती. पुढे ती गोळा न लावता डॉक्टरांकडे गेली, तर तिथल्या नर्सनं तिला सांगितलं की असं आलं की इतरांच्या मनोबलावर परिणाम होतो.

इथून लॉर्ड जो मुद्दा काढते, तो माझ्या मते या विषयावरचा सर्वांत मोलाचा मुद्दा आहे. स्तन गेलेली प्रत्येक बाई ते लपवत असेल, तर या बाया एकमेकींना ओळखणार कशा? लपवल्यानं जगाची सोय होते, पण समदुःखी एकमेकींना दिसेनाशा होतात. आधार देण्याच्या आधी ओळख पटावी लागते. आपल्याकडे 'तो आजार' म्हणून आवाज खाली घेणारी माणसं, मुलीच्या लग्नापर्यंत आईचं ऑपरेशन लपवणारी घरं, 'कुणाला सांगू नकोस'चा धाक, या सगळ्याला लॉर्डचा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. गुप्तता पेशंटचं रक्षण करते हे खरं. ती पेशंटला एकटं पाडते हेही तितकंच खरं.

आणि ओळख पटली म्हणजे सगळं झालं असंही नाही. बार्बरा एरनराइक या अमेरिकी लेखिकेनं २००१मध्ये 'वेलकम टू कॅन्सरलँड' हा निबंध लिहिला. गुलाबी रिबिनी, टेडी बेअर आणि सक्तीचा आनंद यांवर ती तुटून पडली. उपचारांबद्दलचा आणि एकूण व्यवस्थेबद्दलचा राग तिनं सहरुग्णांपुढे मांडला, तेव्हा तिला मिळालेल्या उत्तरांत बराचसा भाग काळजीवजा दटावणीचा होता: मन शांत कर, कुणाची तरी मदत घे. म्हणजे समदुःखीही एकमेकांवर पहारा ठेवू शकतात. 'पॉझिटिव्ह राहा' हा सल्ला फक्त निरोगी माणसं देत नाहीत.

या सगळ्या अडचणी पोटात घेणारी कादंबरी माझ्या वाचनात एकच आहे: सोल्झेनित्सिनची 'कॅन्सर वॉर्ड'. लेखकावर १९५४मध्ये ताश्कंदच्या रुग्णालयात उपचार झाले होते. १९५५मध्ये घडणारी ही कादंबरी सोव्हिएत युनियनमध्ये छापू दिली गेली नाही आणि १९६८मध्ये देशाबाहेर प्रसिद्ध झाली. एका वॉर्डात रुसानॉव आहे. तो मोठा अधिकारी, शेजाऱ्यांची चुगली करून त्यांना तुरुंगात धाडणारा. तिथंच कोस्तोग्लोतॉव आहे, छावणीतून सुटून हद्दपारी भोगणारा. अशा दोन माणसांना एका छताखाली आणून लेखक 'समदुःखी'मधल्या 'सम'ची परीक्षा घेतो. गाठ दोघांनाही आहे. पण भूतकाळ सारखा नाही, अपराध सारखा नाही. आणि आजारानं रुसानॉव सुधारत नाही. कमी कुवतीच्या लेखकानं शेवटी दोघांची गळाभेट घडवली असती.

तरीही या वॉर्डात काहीतरी हातोहात जात राहतं. कोस्तोग्लोतॉव बर्च झाडावरच्या बुरशीच्या औषधाची ऐकीव गोष्ट सांगतो, आणि सगळा वॉर्ड कान टवकारतो, लिहून घेऊ लागतो. या प्रसंगात समदुःखींची ताकद आणि धोका दोन्ही आहेत: माहिती अशीच पसरते, आणि भाबडी आशाही अशीच पसरते. येफ्रेम पोद्दुयेव हा आडदांड कामगार टॉलस्टॉयची एक गोष्ट वाचतो आणि खाटेखाटेवर विचारत सुटतो की माणसं कशाच्या बळावर जगतात. उत्तरं साधी आहेत, काही हास्यास्पद आहेत, पण निरोगी माणसानं हा प्रश्न विचारला असता तर ते प्रवचन झालं असतं.

आणि आस्या. पाय कापला जाणार म्हणून घाबरलेल्या किशोरवयीन द्योमकाला ही देखणी मुलगी ठसक्यात सांगते की पायाशिवाय जगण्यापेक्षा मेलेलं बरं. तेव्हा ती फक्त तपासणीला आलेली असते. काही दिवसांनी तिचाच स्तन काढायचं ठरतं, तेव्हा ती रडत त्याच द्योमकाकडे येते. हा शरीर एकदा कुणीतरी पाहावं, त्याचा निरोप घ्यावा म्हणून ती त्याला साक्षीदार करते. आई नाही, डॉक्टर नाही; पाय गमावलेला मुलगा. 'फाइट क्लब'मध्ये क्लोईच्या हातून माइक काढून घेतला गेला होता. इथं तसंच बोलणं कुणीतरी ऐकून घेतं.

आता कुणी विचारेल, या आधारानं आयुष्य वाढतं का? एकेकाळी तशी आशा होती. डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांपैकी दर आठवड्याच्या गटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. २००१मध्ये कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात मात्र आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाची अवस्था सुधारली आणि वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांना. अनेकांना हा निकाल निराशाजनक वाटतो. मला तो साहित्यासाठी फार उपयोगी वाटतो. गट मरण टाळत नाही. मरेपर्यंतचं जगणं सोसण्याजोगं करतो. मग 'मात' आणि 'झुंज' यांच्या तराजूत त्याला तोलायचंच कशाला?

मराठीत हे लिहायला सामग्रीची वाण नाही. धर्मशाळेतली रात्र आहे, किमोच्या खुर्च्यांची रांग आहे, घसा गेलेल्या माणसाशी खुणांनी चाललेल्या गप्पा आहेत, कालपर्यंत सोबत असलेली बाई आज दिसली नाही तर तिच्याबद्दल विचारायचं की नाही हा पेच आहे. ज्याचं बरं होतंय त्याला ज्याचं बरं होत नाही त्याच्या डोळ्यात बघताना वाटणारी शरम आहे. हे सगळं लिहायचं तर लेखकाला स्वतःच्या विजयाची गोष्ट थोडी बाजूला सारावी लागेल आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याचं नाव, त्याचा राग आणि त्याचं न सुधारणं यांसकट पुस्तकात जागा द्यावी लागेल. तो माणूस पुस्तक संपेपर्यंत जिवंत राहील याची खात्री नाही. म्हणूनच त्याच्याशी आत्ता बोलायला हवं.