स्नॉट : एका अल्पायुषी वाद्यवृंदाची साक्ष

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत ‘न्यू मेटल’ या नावाने जे संगीत रूढ झाले, त्याचा उगम महानगरांपेक्षा कॅलिफोर्नियातील दुय्यम शहरांत अधिक झाला. तेलविहिरींच्या बेकर्सफील्डमधील कॉर्नने १९९४ साली, निर्माता रॉस रॉबिन्सनच्या देखरेखीखाली, आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढून या शैलीची जणू सनदच लिहून दिली : सात तारांच्या गिटारीची सर्वांत जाड तार ‘ए’ स्वरापर्यंत उतरवावी, बेसच्या तारा बोटांनी आपटून तालवाद्यासारख्या वाजवाव्यात, लय हिपहॉपकडून घ्यावी आणि या सर्वांवर एका दुखावलेल्या माणसाचा आवाज सोडून द्यावा. सनद हाती आल्यावर वतनदारांची वाण पडत नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी उदार हस्ते करार केले, आणि अनुकरणाचा जो सुकाळ माजला, त्यात अस्सल व नक्कल यांची पारख करण्याची कोणास निकड भासेनाशी झाली.

ही पारख करू पाहणाऱ्या समीक्षकाला सँटा बार्बराच्या ‘स्नॉट’ या वाद्यवृंदाचा दाखला मोलाचा वाटावा. १९९५ साली स्थापन झालेल्या, नाकातील मळाचे नाव मुद्दाम धारण करणाऱ्या या पाच जणांची ‘गेट सम’ ही मुद्रिका १९९७ साली गेफेन कंपनीने काढली. तिच्या वेष्टनावर झळकतो तो गायक लिन स्ट्रेटचा कुत्रा, डॉब्स. कॉर्नच्या संगीतातील कोंदट, दाटलेली व्यथा येथे फारशी नाही. पंकची धावती गती आणि फंकचा डुलणारा ठेका एकाच गीतात शेजारी नांदतात, आणि त्यांवर स्ट्रेटचा आवाज कधी गातो, कधी बडबडतो, कधी खेकसतो, परंतु स्वतःची कीव करीत बसत नाही. १९९८ सालच्या ‘ऑझफेस्ट’ या फिरत्या महोत्सवात वृंदाला मोठा श्रोतृवर्ग लाभला. पण त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरला स्ट्रेट मोटार अपघातात ठार झाला. डॉब्सही त्याच्याबरोबर गेला, आणि वृंदाची मूळ कारकीर्द तेथेच खंडित झाली.

यानंतर जे घडले, ते कलामीमांसेच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. दुसऱ्या मुद्रिकेसाठी सिद्ध होत असलेल्या वाद्यसंगीतावर जोनाथन डेव्हिस, फ्रेड डर्स्ट, सर्ज टँकियन, मॅक्स कॅव्हलेरा, कोरी टेलर अशा समकालीन गायकांनी आपापले शब्द चढविले आणि २००० साली ‘स्ट्रेट अप’ ही श्रद्धांजली प्रसिद्ध झाली. हेतू शोकाचा होता, पण नकळत एक प्रयोगच पार पडला. वाद्ये तीच असताना टँकियन गाऊ लागला की ते गीत त्याच्या ‘सिस्टिम ऑफ अ डाऊन’चे वाटते, आणि डेव्हिस गाऊ लागला की कॉर्नचे. पाहुणा येतो, आणि घराची मालकी बिनबोभाट त्याच्याकडे जाते.

यावरून न्यू मेटलविषयी एक निर्णय करता येतो. या शैलीची ज्या वाद्यसामग्रीवरून ओळख पटते, ती सामग्री सर्वांची सामायिक मिळकत होती, आणि व्यक्तित्वाचा सारा भार एकट्या कंठावर होता. म्हणूनच बाजारात तिच्या प्रती काढणे इतके सुकर झाले, आणि म्हणूनच नव्या सहस्रकाच्या पहिल्या काही वर्षांतच तिचा बहर ओसरला. स्नॉटची थोरवी मुद्रिकांच्या संख्येत शोधू नये. ‘गेट सम’मध्ये वाद्ये आणि कंठ एकाच स्वभावाचे होते, आणि ही एकजीवता त्या सनदेच्या बळावर मिळणारी नव्हती.