तारपकरी आणि त्याची आठवण

लोकरंजन करणाऱ्या कलावंताविषयी त्याचे चाहते जे बोलतात व लिहितात, त्याकडे समीक्षेने आजवर फारसे गंभीरपणे पाहिलेले नाही. कवीच्या अथवा नटाच्या चाहत्यांचा भाबडेपणा गृहीत धरून त्यांच्या आठवणी चरित्रसाहित्याच्या अडगळीत टाकून देणे ही रूढ रीत होय. परंतु ज्या कलेला लिखित संहिता नाही, स्वरलेखन नाही, आणि जिचे जुने ध्वनिमुद्रणही दुर्मिळ आहे, तिच्या बाबतीत चाहत्यांची आठवण हाच मुख्य पुरावा ठरतो. मग ही आठवण नेमके काय जपते आणि काय गाळते, हा प्रश्न समीक्षेचाच होतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीतील तारपा या वाद्याच्या निमित्ताने तो येथे उपस्थित करावयाचा आहे.

या विचाराला तात्कालिक कारणही आहे. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वारली तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा २०२२ सालचा पुरस्कार मिळाला, आणि २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घराण्यात हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. ते स्वतः तारपा घडवितातही. या गौरवानंतर त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले व ते योग्यच झाले. मात्र हे लेखन एकत्र ठेवून वाचले असता एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहत नाही. त्यात वादकाचे वय आहे, त्याचे साधे घर आहे, त्याची निष्ठा आहे, पुरस्कारांची नोंद आहे. वादन मात्र जवळजवळ नाही. तारपा ‘मंजूळ’ वाजतो, ‘मंत्रमुग्ध’ करतो, याहून अधिक काही सांगण्याची गरज लेखकांना भासलेली दिसत नाही. आणि तारप्याचा आवाज ज्याने जवळून ऐकला असेल त्याला ‘मंजूळ’ हे विशेषण मुळीच पटणार नाही. तो आवाज घोगरा, भरदार, किंचित कर्कश आणि रात्रीच्या वेळी दूरवर पोचणारा असतो. मंजूळ असता तर माळावरच्या नाचाला तो पुरा पडला नसता.

वाद्याची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर उभे आहे. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा हा तारप्याचा श्वासकोश होय. त्यात फुंकलेली हवा बांबूच्या दोन नळ्यांत जाते, नळ्यांच्या तोंडाशी बांबूच्याच कापलेल्या जिभा थरथरतात, आणि नळ्यांवरील छिद्रे बोटांनी झाकून-उघडून स्वर बदलतात. खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा लांब भोंगा असतो. तो आवाजाला आकारमान देतो. सांधे मेणाने बुजविलेले असतात. पुंगीशी याचे नाते उघड आहे. भेद आहे तो प्रमाणाचा आणि त्यामुळे लागणाऱ्या दमाचा. नाच चालू असेतो स्वर तुटून चालत नाही. म्हणून वादक गालांत हवा साठवून ती भोपळ्यात सोडीत असतानाच नाकाने श्वास घेतो. ही क्रिया काही मिनिटांपुरती साधणे कठीण, मग ती प्रहर-प्रहर चालविणे किती कठीण असेल याची कल्पना करावी.

भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ हा तारप्याचा मुख्य हंगाम. वादक मध्ये उभा राहतो; स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती साखळी करतात. साखळीच्या पुढे असणाऱ्याच्या हातात घोळकाठी असते, तिच्या आपटण्याने ताल राहतो. वादक चाळा बदलतो तशी पावले बदलतात, तो वळतो तशी साखळी वळते. तारप्याकडे पाठ करावयाची नाही हा संकेत. येथे प्रेक्षक असा स्वतंत्र वर्ग उरत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जो ऐकतो तो नाचतो. न नाचणारा बाजूला बसलेला म्हातारा असतो, आणि त्याचेही पाऊल जागच्या जागी हलत असते. अशा कलेतील ‘चाहता’ हा टाळ्या वाजविणारा नसतो. त्याची दाद पावलात असते, आणि म्हणून त्याची आठवणही बहुधा पावलातच राहते. अमुक वादकाच्या तारप्यावर आपण रात्रभर नाचलो, त्याचा चाळा चुकत नसे, तो मध्येच वेग वाढवून पोरांची दमछाक करीत असे, अशा रीतीने ती शब्दांत येऊ शकते. शिष्ट समीक्षेच्या परिभाषेत हे फार थोडे वाटेल. वस्तुतः लय, सातत्य आणि नाचणाऱ्यांवरील अधिकार या वादनाच्या तिन्ही कसोट्या त्यात येऊन जातात. ‘मंत्रमुग्ध’ या शब्दात यांपैकी एकही येत नाही.

या ठिकाणी दूरच्या एका उदाहरणाकडे वळणे उपयोगाचे होईल. अमेरिकेतील ग्रामीण संगीतात बँजो या वाद्याला जे स्थान आहे ते सर्वश्रुत आहे. हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तेथे घडविले, आणि त्याचे आरंभीचे शरीर भोपळ्याचेच होते. (महाराष्ट्रात ‘बँजो’ म्हणून जे ओळखले जाते ते निराळेच वाद्य. जपानी कळांच्या वाद्यावरून आलेले बुलबुलतरंग येथे त्या नावाने नांदते, आणि वरातींत व गणपतीच्या मिरवणुकींत ‘बँजो पार्टी’ म्हणून त्याचा गजर होतो. नाव प्रवास करते, वाद्य करीतच नाही, याचा हा गमतीदार दाखला आहे.) अमेरिकेतील या बँजोवर गाणारा एक प्रसिद्ध रंजनकार ‘ग्रँडपा जोन्स’, म्हणजे जोन्स आजोबा, या नावाने ओळखला जाई. लुई मार्शल जोन्स हे त्याचे खरे नाव. जन्म १९१३, केंटकी राज्यातला. १९३५ च्या सुमारास, वयाची पंचविशीही गाठली नसताना, तो रेडिओवर पहाटेच्या कार्यक्रमात रात्रीच्या जागरणाने किरकिऱ्या आवाजात बोलत असे. त्यावरून ब्रॅडली किनकेड या त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याला आजोबा ठरविले. खोट्या मिशा, जुने बूट असा वेष दिला. पुढील साठ वर्षे जोन्स त्या वेषात राहिला. आरंभी त्याला म्हातारपण रंगवावे लागे, अखेरीस रंगाची गरज उरली नाही. १९७८ साली त्याला कंट्री संगीताच्या सन्मानदालनात स्थान मिळाले आणि १९९८ साली तो वारला.

जोन्सच्या चाहत्यांच्या आठवणींत सर्वांत ठळक काय राहिले? १९६९ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमात त्याला रोज रात्रीच्या जेवणाचा बेत विचारला जाई आणि तो यमके जुळवून पदार्थांची यादी म्हणे, हा प्रसंग. त्याचे बूट, त्याची विजार अडकविण्याचे पट्टे, त्याचे मिस्कील पाहणे. परंतु तो जुन्या पद्धतीचा कसलेला बँजोवादक होता. बोटांच्या नखांनी तारांवर खाली आघात करून अंगठ्याने आखूड तार छेडावयाची ही ती पद्धत. १९४५ नंतर अर्ल स्क्रग्ज याच्या तीन बोटांच्या वेगवान शैलीने ती मागे पडली, तरी जोन्सने ती सोडली नाही. ही गोष्ट जाणकारांनाच आठवते. विदूषकाने वादकाला झाकून टाकले असे म्हणावयास हरकत नाही. तथापि यात अन्याय झालाच असे मात्र सहसा म्हणता येणार नाही, कारण म्हातारपणाचा तो वेष जोन्सने स्वखुशीने पत्करला होता आणि त्याचा कारागीर तोच होता.

जव्हारच्या तारपकऱ्याच्या बाबतीत नेमके उलटे घडत आहे. त्याने कोणताही वेष घेतलेला नाही. वार्धक्याचा वेष त्याला गौरव करणाऱ्यांनी दिला आहे. नव्वदीच्या घरातील वादक असे म्हटले की लेखनाचे निम्मे काम झाले अशी समजूत दिसते. वास्तविक तारपा ही दमाची कला. ती भर जोमात असण्याचा काळ वादकाच्या तिशी-चाळिशीचा. त्या काळात त्याच्या सुरावर सबंध पाड्यांनी रात्री जागविल्या, आणि त्या काळाची एकही समीक्षा कोठे छापली गेल्याचे आढळत नाही. जी दाद त्या वेळी मिळाली ती पावलांची होती. जी आता मिळते आहे ती शब्दांची आहे, आणि ती वादनाला नव्हे, टिकून राहण्याला मिळते आहे. दीर्घायुष्याचा आदर करणे निराळे आणि कलेचे मूल्यमापन करणे निराळे, हा भेद विद्यापीठीय लेखनाने तरी राखावयास हवा.

याचे खापर केवळ वृत्तपत्रांवर फोडता येत नाही. मराठीतील लोकसाहित्याचा अभ्यास प्रारंभापासून शब्दनिष्ठ राहिला. ओवी, गीत, कथा, उखाणा, म्हण ही त्याची संकलनद्रव्ये. साने गुरुजींपासून दुर्गा भागवत व सरोजिनी बाबर यांच्यापर्यंत जे थोर कार्य झाले, त्याचे बळ शब्दांत होते आणि मर्यादाही तेथेच होती. वारल्यांच्या लग्नातील धवलेरीची गाणी या जाळ्यात सापडतात, कारण त्यांना शब्द आहेत. भगताच्या घांगळीवरील कथनही सापडते. तारप्याला शब्द नाहीत. म्हणून मराठी विभागाने तो संगीताकडे सोपविला, संगीताच्या शास्त्राने त्याला राग-तालाच्या चौकटीत बसत नाही म्हणून मानवशास्त्राकडे धाडले, आणि मानवशास्त्राने त्याची गणना पीकसणांच्या वर्णनात केली. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ सालचा, ज्या वर्षी याच मुलखात वेठीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला. तेव्हापासून आजवर जमातीविषयी पुष्कळ माहिती जमली. एखाद्या विशिष्ट वादकाचा चाळा दुसऱ्याहून कसा निराळा, याविषयी मात्र या साऱ्या शास्त्रांनी मौन पाळले आहे.

चित्रकलेचे उदाहरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे. तारपा जगभर पोचला तो कानांनी नव्हे, डोळ्यांनी. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (निधन २०१८, पद्मश्री २०११) यांच्या हातून भिंतीवरील वारली चित्र कागदावर आले, आणि त्यातील मध्यभागी वाकलेला तारपकरी व त्याच्याभोवतीची माणसांची वेटोळी ही आकृती आज हातपिशवीपासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत सर्वत्र दिसते. त्या आकृतीला चेहरा नसतो. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, आणि हातातील वाद्य एवढाच तो माणूस. चित्रात हे शोभते. तो कोणी एक माणूस नसून वर्तुळाचा मध्य आहे, एवढेच चित्राला सांगावयाचे असते. गौरवलेखनाने चेहरा दिला, नाव दिले. पण वर्तुळ पुसून टाकले. मधल्या माणसाचे छायाचित्र छापले जाते, आणि ज्यांच्या पावलांनी त्याचे वादन घडले ते चौकटीबाहेर राहतात.

मंचावरील सादरीकरण हीच गोष्ट निराळ्या मार्गाने करते. मंचाला दर्शनी बाजू असते. तारप्याच्या नाचाला ती नसते. प्रेक्षकांकडे तोंड करावयाचे म्हटले की तारप्याकडे पाठ होते, किंवा वर्तुळाचा अर्धचंद्र करावा लागतो. वेळ पाच-दहा मिनिटांचा. तेवढ्यात चाळे बदलून दाखविता येतात, पण एका चाळ्यात नाच मुरू देणे, दमलेल्या साखळीला सावरून पुन्हा वेगात नेणे, हे वादकाचे खरे कौशल्य प्रकट होण्यास अवकाशच मिळत नाही. मोखाड्याचा बोहाडा या बाबतीत अधिक सुदैवी ठरला. मुखवटे, ठरावीक घराण्यांकडे असलेले सोंगांचे मान आणि संबळाची साथ असे त्याचे स्वरूप असल्याने तो गावाबाहेर सहज उचलून नेता येत नाही. त्याची आठवण सोंगाला चिकटलेली असते आणि सोंग गावाला.

तरीही गौरव व्यर्थ आहे असे प्रतिपादन करण्याचा येथे हेतू नाही. नाव नसलेल्या आकृतीला नाव मिळणे ही सामाजिकदृष्ट्या मोठी घटना आहे. ज्या मुलखात वेठबिगारी आठवणीच्या टप्प्यात आहे, तेथील वारली कलावंताचे नाव राष्ट्रीय सन्मानाच्या यादीत येते तेव्हा त्याचा अर्थ कलेपुरता राहत नाही. अडचण एवढीच की सन्मानाची भाषा तयार असते आणि ऐकण्याची भाषा अजून घडावयाची आहे. ती घडविण्याचे साहित्य जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांतून अद्याप उपलब्ध आहे, आणि ते वादकापाशी जितके आहे तितकेच नाचलेल्यांपाशी आहे. साठी-सत्तरीतील स्त्रीला तिच्या तरुणपणीचा तारपकरी कसा वाजवीत असे असे विचारले तर ती कदाचित सांगू शकणार नाही. उठून चार पावले टाकून दाखवील. ती पावले कोणत्या चाळ्याची, कोणत्या पाड्याच्या वादकाची, आणि शेजारच्या पाड्यात तीच कशी पडत, एवढे जरी टिपून ठेवले तरी वादनाचा इतिहास हाती येऊ लागेल. अशा नोंदीसाठी ध्वनिमुद्रकाइतकीच सपाट, शेणाने सारवलेली जमीन लागेल, आणि हंगाम भाताचा असावा लागेल.