‘श्वेत जाहीरनाम्या’चें कर्तृत्व

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इतालीय नवकलेचा अग्रणी लुचो फोंताना (१८९९–१९६८) याजविषयीं इटलीबाहेर जें लेखन झालें आहे, त्यांत १९४६ चा ‘मानिफिएस्तो ब्लांको’ म्हणजे ‘श्वेत जाहीरनामा’ बहुधा त्याच्याच नांवावर घातलेला आढळतो. हें आम्हांस चिंत्य वाटतें. पत्रक ब्युनोस आयरिस येथें स्पॅनिश भाषेंत निघालें. खालीं सह्या आहेत त्या त्याच्या विद्यार्थ्यांच्या व इतर तरुण कलावंतांच्या, फोंतानाची नाहीं. प्रेरणा गुरूची, हें आम्हांस मान्य आहे. परंतु गुरुमुखांतून ऐकिलेलें शिष्यांनीं लिहिलें म्हणजे तो गुरूचा ग्रंथ होत नाहीं, हा भेद पोथ्या चाळणारांस सांगावयास नको. १९४७ त मिलान येथें निघालेल्या अवकाशवादाच्या पहिल्या जाहीरनाम्यावर मात्र इतरांबरोबर त्याची सही आहे. दोन्ही पत्रकें एकाच पंक्तीस बसविल्यानें आर्जेंटिनाची ती तरुण मंडळी इतिहासांतून पार पुसली गेली.

अस्सल पुरावा अन्यत्र आहे. १९५८ पासून त्यानें जे कॅनव्हास चिरले, त्यांपैकीं अनेकांच्या पाठीवर त्याच्या हातचीं वाक्यें आहेत. पोथीच्या अखेरच्या पुष्पिकेसारखींच तीं. प्रदर्शनांचीं यादीपुस्तकें मात्र बहुधा पुढचीच बाजू छापतात!