ज्याचा घाव, त्याला मत नाही

संपादकांनी माझ्याकडं एका कवितासंग्रहाचं परीक्षण मागितलं होतं. ते पुढच्या अंकात देईन. या खेपेस मी एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचं परीक्षण करतो आहे. काहींना हा चावटपणा वाटेल. अहवाल हे काय वाङ्मय झालं? पण मित्रहो, आपल्या माणसांविषयी जे लिहिलं जातं त्यातलं बहुतेक कवितेत नसतं. ते पंचनाम्यात, जबाबात, अर्जात आणि अहवालात असतं. कवितेची भाषा तपासायची आणि अहवालाची सोडून द्यायची, ही चैन प्रस्थापित समीक्षेला परवडते. आपल्याला नाही.

अहवाल आहे अत्याचारग्रस्त कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा. नाव देत नाही. एका संस्थेला शिव्या घालून बरं होणारं हे दुखणं नव्हे. शिवाय मी या संस्थेत सहा वर्षं बिनपगारी काम केलेलं आहे. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कागद गुळगुळीत आहे. विश्वस्तांचे फोटो समोरून, नावासकट, पदव्यांसकट. पीडित बायांचे फोटो पाठमोरे. ओळख लपवायची म्हणून पाठमोरे, हे मान्य. मग फोटोखाली गावाचं नाव कशाला? गाव कळलं की पोलीस पाटलापासून आरोपीच्या चुलत्यापर्यंत सगळे त्या पाठीला ओळखतात. ओळख लपली ती फक्त देणगी देणाऱ्यापासून.

आता भाषा बघा. ‘मदत करण्यात आली. समुपदेशन करण्यात आले. पाठपुरावा करण्यात आला.’ कुणी केलं? वाक्याला कर्ताच नाही. रात्री अडीच वाजता ठाण्यात ठिय्या मारून फिर्यादीत ॲट्रॉसिटीची कलमं लावून घेणारा पोरगा या वाक्यांत कुठंच नाही. तो सापडतो शेवटच्या पानावर, ‘ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे मोलाचे सहकार्य लाभले’ या ओळीत. आणि जिचा नवरा मारला गेला ती बाई अहवालात ‘लाभार्थी’ आहे. तिला कसला लाभ झाला? हा शब्द देणाऱ्याच्या ओट्यावर बसून तयार झालेला आहे. घेणाऱ्याला त्यात बसायला जागा नाही.

आमच्या जिल्हा गटानं मंडळाला पत्र दिलं होतं. मागण्या चार. कार्यकारी मंडळावर दोन कार्यकर्ते घ्या. मंडळाच्या सभांचं इतिवृत्त आम्हाला दाखवा. देणगीतला किती पैसा कोर्टाच्या फेऱ्यांवर जातो आणि किती कार्यालयावर, ते सांगा. फोटो आणि गावांची नावं छापू नका. यात काही क्रांती नव्हती. सात आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या भावनांचा आदर आहे. तथापि आपण संस्थेचे सभासद नाही. निधी मंडळ उभारते, म्हणून निर्णयही मंडळाचा. आपण सल्लागार समिती नेमून सूचना कराव्यात.

हे उत्तर वाचलं आणि वाटलं, हे तर आपण आधी कुठंतरी वाचलेलं आहे. शासनाच्या ग्रंथमालेतला बाबासाहेबांचा ९ वा खंड काढला. सापडलं.

१९३२ सालची गोष्ट. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर. हाच पुढं हरिजन सेवक संघ झाला. सुरुवातीला मध्यवर्ती मंडळावर बाबासाहेब होते. नोव्हेंबरात ते तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले आणि वाटेत बोटीवरून त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं.

ते पत्र प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. बाबासाहेब म्हणतात त्याचा सारांश असा: चार होतकरू पोरांना शिष्यवृत्ती देऊन आणि दारूबंदीचे उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. माणूस वाईट म्हणून दैन्यात नाही, त्याच्या भोवतीची रचना वाईट आहे. तेव्हा आधी नागरी हक्कांची लढाई करा. गावची विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहन. त्यात डोकी फुटतील, खटले होतील, हेही त्यांनी लिहून ठेवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माणसांचा. हे काम पगारापुरती आस्था असलेल्यांकडून होणार नाही, ज्यांना ते जिवाभावाचं आहे अशांकडून होईल, म्हणून कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्या.

या पत्राला साधी पोचही आली नाही. बाबासाहेब त्या मंडळातून बाहेर पडले. पुढं अस्पृश्यांनी मंडळावर जागा मागितल्या तेव्हा गांधीजींनी जे उत्तर दिलं, त्याचा आशय असा की हे मंडळ सवर्णांनी प्रायश्चित्त करण्यासाठी आहे. सवर्ण ऋणको, अस्पृश्य धनको. कर्ज फेडायचं काम ऋणकोचं, तेव्हा मंडळही त्याचंच. धनकोनं हवं तर सल्लागार समिती नेमावी.

हा युक्तिवाद खोटेपणानं केलेला होता असं मी म्हणत नाही. तो प्रामाणिक असेल म्हणूनच जास्त अवघड आहे. पण जगात कुठला ऋणको कर्जाची रक्कमही स्वतः ठरवतो, हप्तेही ठरवतो, वहीही आपल्याच कपाटात ठेवतो आणि धनकोला म्हणतो की सल्ला द्या? आमच्या मंडळाच्या पत्रात प्रायश्चित्त हा शब्द नव्हता. त्याजागी ‘व्यावसायिक व्यवस्थापन’ होतं. बाकी रचना तीच. पैसा ज्याचा, निर्णय त्याचा. घाव ज्याचा, त्यानं सूचना करावी.

कुणी म्हणेल, सवर्ण धनिकांची मदत बाबासाहेबांनीही घेतलीच की. घेतली. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांतही मोठमोठी नावं होती. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब आणि चिटणीस सीताराम शिवतरकर. नावं पाटीवर वरती, कारभार आपल्या हाती. वाद मोठ्या माणसांचा पैसा घेण्याचा नाही. सभेत हात कुणी वर करायचा, याचा आहे.

इथं कायद्याची थोडी कटकट सहन करा. आपल्याकडची बरीच मंडळं १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदलेली असतात. सोसायटीत सभासद म्हणजे नियमाप्रमाणे दाखल करून घेतलेला, वर्गणी भरलेला किंवा यादीवर सही केलेला माणूस. मत त्यालाच. राबणाऱ्याला मत असतं असं कायद्यात कुठंही नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, पण सोसायटीत सभासद नसलेल्यानं त्यावर हरकत घ्यायची तर आधी विचारतात, तुमचा संबंध काय? आम्ही सहा वर्षं मोर्चे काढले, सतरंज्या उचलल्या, साक्षीदार सांभाळले आणि वर्गणीची एक पावती फाडली नाही. घटना वाचायची असते, हे घटनाकाराच्या लेकरांना उशिरा कळलं.

इथवर लेख आमच्या बाजूनं झाला. आता दुसरी बाजू.

उत्तर आल्यावर आम्ही सामूहिक राजीनाम्यासाठी बैठक लावली. त्याच दिवशी विशेष न्यायालयात एका मावशीच्या खटल्याची तारीख होती. तिच्या मुलाला मारलेलं. प्रत्येक तारखेला आमच्यातलं कुणीतरी तिच्यासोबत जायचं. त्या दिवशी कुणीच गेलं नाही. मंडळाला वाटलं आम्ही गेलो, आम्हाला वाटलं आता ते मंडळाचं काम. दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेलो. ती चिडली नाही, हे जास्त लागलं.

‘‘दादा, तुमचं भांडान मोठं आसंल,’’ ती म्हणाली. ‘‘पर त्या दिशी त्यांच्याकडची चौदा मानसं आन् हिकडून मी येकटी. एक इचारू का? तुमी त्या मंडळात बसनार व्हते. मला कुनी बसवनार व्हतं का?’’

मी घरी येऊन आमचं पत्र काढलं. चार मागण्या पुन्हा वाचल्या. दोन जागा, कार्यकर्त्यांसाठी. तिच्यासाठी एकही नाही. ‘पीडितांच्या हितासाठी’ हे शब्द मात्र तीनदा आले होते. मंडळाच्या अहवालात ती लाभार्थी, आमच्या पत्रात पीडित. कर्ता ती दोन्हीकडं नव्हती. आणखी एक सांगतो, कारण हे आपणच बोललं पाहिजे. ती मातंग समाजाची. आमच्या गटात मातंग एकही नव्हता. बाई एक होती. म्हणजे आम्ही विश्वस्तांना जे विचारत होतो, तेच ती आम्हाला विचारत होती. फरक एवढाच की तिनं पत्र लिहिलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. मंडळाविरुद्ध भांडाच, पण ‘कार्यकर्त्याला जागा’ एवढ्यावर ते भांडण थांबवू नका. मदत घेणाऱ्या प्रत्येक घरातला सज्ञान माणूस सभासद हवा, वर्गणी एक रुपया. मंडळातल्या निम्म्या जागा त्यांच्या, आणि त्यात बाया हव्यात. इतिवृत्त सभेत मोठ्यानं वाचून दाखवा, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. कोर्टाच्या फेऱ्यांचा पैसा वेगळा ठेवा, त्याला कुणी हात लावू नये. आणि भांडण कितीही पेटलं तरी तारीख चुकता कामा नये.

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून १५-अ हे कलम लागू आहे. संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क त्यात पीडिताला दिलेला आहे. नीट वाचा. हक्क तिचा आहे. संस्थेचा नाही, माझाही नाही. तिच्यासोबत जायला मला मंडळाचं पत्र लागत नाही, पण तिचा होकार लागतो.

राजीनामे आम्ही दिले. पुढच्या तारखेला पाच जण गेलो. आता नवी संस्था काढायचं चाललं आहे आणि घटनेचा मसुदा माझ्याकडं आहे. तो छापायच्या आधी मावशीच्या वस्तीत, समाजमंदिरात, कलम-कलम मोठ्यानं वाचला जाईल. तिथल्या बाया जे खोडायला सांगतील ते खोडलं जाईल. तोवर आपल्यापैकी कुणी त्यावर सही करू नये. माझीही अजून नाही.

जयभीम.