शाहिराला कॅमेऱ्याने कुठून पाहावं?

नागपूरचे गायक, संपादक आणि चळवळीतले कार्यकर्ते वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजी नागपूरच्या एम्समध्ये कोरोनाने गेले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. त्यांच्यावरचे बहुतेक मृत्युलेख 'कोर्ट चित्रपटातला अभिनेता' इथूनच सुरू झाले. 'विद्रोही' मासिकाचं संपादन, गाणं, चळवळ हे सगळं त्यानंतर, पुरवणीसारखं. तो सल मनात होताच. अलीकडच्या स्वतंत्र म्हणवणाऱ्या मराठी चित्रपटांत शाहीर ज्या रीतीने येतो, ते पाहून तो जास्तच खुपतो. वस्तीवरून ड्रोन फिरतो, डफ वाजतो, निळा झेंडा फडकतो आणि गाण्याच्या दोन ओळी होतात न होतात तोच मूळ गोष्ट पुढे निघते.

चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट'मध्ये (२०१४) नेमकं उलटं केलं. साथीदारांनी उभा केलेला नारायण कांबळे आधी मुलांची शिकवणी घेतो, मग बसने सभेच्या जागी पोचतो, स्टेजवर चढतो. कॅमेरा श्रोत्यांच्या बाजूने, अंतर राखून उभा. चेहऱ्यावरचा घाम दाखवायला तो पुढे धावत नाही. संभाजी भगतांचं गाणं त्याला हवा तेवढा वेळ घेतं आणि पोलीस येतात तेही त्या चालू कार्यक्रमातच. साथीदारांची उभं राहण्याची ढब पाहा. आवेशासाठी त्यांना हातवारे करावे लागत नाहीत. माईकसमोर आयुष्य गेलेल्या माणसाचा तो सहजपणा कार्यशाळेत शिकवून येणारा नव्हे. मराठी पडद्यावर शाहिराचं इतकं खरं दर्शन मी दुसरं पाहिलेलं नाही.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) याच जातीचा. त्यांच्या 'हमारा शहर'मध्ये गायलेले विलास घोगरे यांनी १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर गळफास घेतला. तिथून सुरू झालेलं चित्रीकरण चौदा वर्षं चाललं. गाणारा माणूस गेला म्हणून कॅमेरा पुन्हा त्या वस्तीत गेला आणि तिथे थांबला. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'ने (२०२२) नागपूरची पोरं आणि त्यांची हिंदी पडद्यावर आणली, अंकुश गेडामसारखा नट दिला, पण सगळा प्रकाश अमिताभ बच्चन यांच्यावर. ताम्हाण्यांचा 'द डिसायपल' नेटका आहे, पण तो ज्या शास्त्रीय गाण्याविषयी आहे त्याला आश्रयदात्यांची वाण कधीच नव्हती.

मात्र 'कोर्ट'लाही एक प्रश्न विचारायलाच हवा. बचावाच्या वकिलामागे कॅमेरा त्याच्या घरी जातो, सरकारी वकील बाईंच्या स्वयंपाकघरात जातो, न्यायाधीशांच्या सहलीलाही जातो. कांबळे मात्र शिकवणीनंतर स्टेजवर, कोर्टात, छापखान्यात. पुढच्या अटकेसाठीच जणू तो पडद्यावर येतो. ज्याच्यावर खटला आहे त्याचीच संध्याकाळ चित्रपटाला ठाऊक नाही. हा ताम्हाण्यांचा निष्काळजीपणा नव्हे. मुंबईतला संवेदनशील दिग्दर्शक प्रामाणिकपणे जिथवर जाऊ शकतो तिथवर ते गेले. त्यापुढची वाट माहीत असणारी माणसं नागपुरात होती, आहेत. त्यांच्या हाती कॅमेरा कुणी दिला?

साथीदारांकडे लेखणी होती, आवाज होता, पडद्यावर शोभणारा चेहरा होता. व्हेनिसमध्ये गाजलेल्या, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाच्या मुख्य पात्रांपैकी एक त्यांनी साकारलं. त्यानंतरही नागपुरातल्या एकाही निर्मात्याला असं वाटलं नाही की या माणसाला चित्रपट करू द्यावा, त्याने सांगितलेल्या जागी कॅमेरा लावावा. मुंबईच्या दिग्दर्शकाने निवडल्यावर आपलाच माणूस आपल्याला दिसावा, ही नागपूरच्या सांस्कृतिक पुढाऱ्यांसाठी शरमेची गोष्ट आहे. दीक्षाभूमीच्या शहराला तर ती मुळीच शोभत नाही.

निर्मात्यांची 'प्रेक्षक नाही' ही सबब मला मान्य नाही. जयंतीच्या रात्री वस्त्यांत भीमगीतं ऐकायला बसणारी माणसं प्रेक्षक नव्हेत तर कोण? त्यांच्यापर्यंत चित्रपट नेण्याची तसदी घ्यायची नाही आणि मग महोत्सवांच्या पाट्या मिरवायच्या, याला मी स्वतंत्र सिनेमा म्हणणार नाही. आज गाणाऱ्यांचे कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करा, ध्वनी नीट घ्या, काय कापायचं हे ठरवताना गाणाऱ्याला संकलकाशेजारी बसवा आणि मानधन आधी द्या. ड्रोनवर होणारा खर्च इकडे वळवा.