ग्रहणाचे दान आणि खगोलशास्त्राचे सभागृह

विज्ञानावरचे सार्वजनिक व्याख्यान हा मराठीतला एक वाङ्मयप्रकारच आहे, असे मी मानतो. त्याला वक्ता असतो, शैली असते आणि वक्त्याने मनाशी धरलेला एक श्रोता असतो. प्रस्थापित कथा-कवितेने मनाशी धरलेला वाचक कोण, हा प्रश्न दलित साहित्याने निर्भीडपणे विचारला. व्याख्यानाला मात्र तो कुणी विचारला नाही. विज्ञान म्हटले की आपणही मुकाट्याने टाळ्या वाजवतो. विज्ञान कोणाची जात पाहत नाही, हे खरेच आहे. परंतु विज्ञानाच्या सभागृहात कोण येऊन बसते आणि विज्ञान शिकणाऱ्याला वसतिगृहात कोणाशेजारी ताट मिळते, हे समाज ठरवतो. खगोलशास्त्रापुरता हा प्रश्न येथे घेतो. मी मराठीचा अध्यापक आहे, तेव्हा गणिताच्या वाटेला जाणार नाही. पुस्तके, माणसे आणि संस्था यांच्याविषयीच बोलेन.

महाराष्ट्रात आकाशाचे व्याख्यान म्हटले की डॉ. जयंत नारळीकर हे नाव येते आणि संस्था म्हटली की पुण्याची आयुका. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली ही संस्था स्थापन केली आणि २००३ पर्यंत नारळीकर तिचे संचालक होते. ती ज्या आवारात उभी आहे त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. संस्थेमागची कल्पना मोठी होती. दुर्बिणी, ग्रंथालये आणि मोठी गणकयंत्रे प्रत्येक विद्यापीठाला परवडणारी नव्हेत. तेव्हा ती एका ठिकाणी असावीत आणि देशभरच्या विद्यापीठांतल्या व महाविद्यालयांतल्या अध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी तेथे येऊन काम करावे. शिवाय दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी सर्वांना खुले दार, आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत म्हणून मुक्तांगण विज्ञान शोधिका. सरकारी पैशावर चालणाऱ्या किती संस्था आपले दार असे उघडे ठेवतात? हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

नारळीकरांची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी गर्दी करीत. ते सांगत, सही नको. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. ही रीत मला त्यांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा अधिक लोकशाहीवादी वाटते. सभागृहात पुढच्या रांगेतल्या मुलाचा हात आधी दिसतो. पोस्टकार्डाला पुढची-मागची रांग नसते. वरणगावच्या मुलाचे कार्ड आणि कोथरूडच्या मुलाचे कार्ड एकाच टेबलावर पडते. पण त्यासाठी आधी प्रश्न पडला पाहिजे, आणि आपला प्रश्न एखाद्या मोठ्या माणसाला विचारण्याजोगा आहे असे त्या मुलाला वाटले पाहिजे. हे वाटणे कुठून येते?

याचे उत्तर नारळीकरांच्याच आत्मचरित्रात आहे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या पुस्तकाला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर स्वतः केंब्रिजला शिकलेले, बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. आई संस्कृतच्या जाणकार. घरात मुलांसाठी फळा. गणिताचे अभ्यासक असलेले मामा त्या फळ्यावर भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. १९५७ साली मुलगा केंब्रिजला जातो, १९५९ साली गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येतो, फ्रेड हॉइल यांचा विद्यार्थी होतो, १९६४ साली गुरु-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगापुढे येतो. लेखनात कुठेही बडेजाव नाही. भाषा स्वच्छ आहे.

परंतु याच अकादमीने १९८१ साली लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला पुरस्कार दिला होता. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी सूचना आहे. दोन्हींत एक मुलगा शिकतो आणि गाव सोडतो. ‘उपरा’त मात्र शाळेत जाणे हीच घटना आहे, पाठीवर बिऱ्हाड असलेल्या कैकाडी कुटुंबाने मुलाला शाळेत घातले, याचाच समाजाला धक्का बसतो. एका घरात शिक्षण हे पाण्यासारखे आहे, दुसऱ्या घरात ते विहिरीसारखे खणावे लागते. नारळीकरांच्या बुद्धीवर येथे शंका घ्यायची नाही. माझा आक्षेप या पुस्तकाच्या वाचनपद्धतीवर आहे. आपले समीक्षक ते गुणवत्तेची कथा म्हणून वाचतात. ती फळ्याचीही कथा आहे, हे कुणी म्हणत नाही.

गुणवत्ता आणि नाव यांचे नाते काय असते, हे खुद्द नारळीकरांना ठाऊक होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले नाव. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा पाहून निर्णय द्यावा, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हा किस्सा आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो आणि तो कौतुकाचाच आहे. मला मात्र तो ऐकला की बाबुराव बागुलांचा १९६३ सालचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आठवतो. तिथला रेल्वेतला नोकरदारही खरी ओळख झाकतो. पण राहायला खोली मिळावी म्हणून. नारळीकरांचे झाकलेले नाव उघड झाले तेव्हा मान वाढला. बागुलांच्या नायकाची झाकलेली जात उघड झाली तेव्हा मार बसला. भुसावळ-वरणगावच्या रेल्वे वस्तीत आणि फॅक्टरीच्या वसाहतीत या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

खोलीवरून वसतिगृहाकडे येतो. खगोलशास्त्राच्या विद्यार्थिजीवनाचे भारतातले सर्वांत बोलके प्रकरण मेघनाद साहा यांचे आहे. जन्म १८९३, ढाक्याजवळच्या खेड्यात, किराणा दुकान चालवणाऱ्या, जातीने खालच्या गणल्या गेलेल्या घरात. शाळेसाठी एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवून घेतले, ते आपली थाळी आपण धुवायची आणि गाईकडे पाहायचे, या अटीवर. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आल्यावर ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण मुलांनी त्यांच्या पंगतीला बसायला नकार दिला. याच मुलाने १९२० साली ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे सोडवले. ताऱ्याच्या प्रकाशात काही रेषा ठळक दिसतात, काही दिसतच नाहीत. ते केवळ तेथे कोणते मूलद्रव्य आहे यावर ठरत नाही, तर तापमान व दाब यांमुळे अणूंतले इलेक्ट्रॉन किती सुटतात यावर ठरते, हे त्यांनी समीकरणात मांडले. त्या समीकरणाच्या आधारे १९२५ साली सिसिलिया पेन या संशोधिकेने तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचे दाखवले. ज्याच्या ताटाला पंगतीत जागा नव्हती त्याने ताऱ्यांची मोजपट्टी दिली. आयुकाच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. त्या चौघांत साहा नाहीत.

साहांचे प्रकरण जुने आहे, असे कुणी म्हणेल. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीवन संपवले. आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा हा कार्यकर्ता. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने लिहिले, की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. त्याच पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीचा हिशेब आहे. त्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून काढले होते. त्यांनी आवारातच उघड्यावर तंबू टाकला होता. विज्ञानाच्या लोकप्रिय व्याख्यानांनी एक श्रोता घडवला होता, तो असा गेला. मराठी विज्ञानलेखनाने याची कितपत दखल घेतली? आपल्या आकाशदर्शनाच्या मासिकांनी त्याच्यासाठी दोन ओळी लिहिल्या असत्या तरी वाचकाला कळले असते, की हा मुलगा आपलाच होता.

आता थोडे आमच्या खानदेशाविषयी. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. म्हणजे आमच्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी खगोलशास्त्राचा एक विभागच होता. भूमिपुत्रांचा अभिमान म्हणून हे सगळीकडे सांगितले जाते. शिलालेख पुढे वाचला जात नाही. त्याच्या जुन्या मराठी भागात दानाचा तपशील आहे : पाटणच्या बाजारात ग्राहकाकडून राजाला जो कर मिळे, तो मठाला दिला. बाजारात माल घेणारा शेतकरी, कारागीर, मजूर हा या खगोलशास्त्राचा पोशिंदा. मठाच्या ओसरीवर त्याला जागा नव्हती.

आणि दानाची वेळ? चंद्रग्रहणाची. ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे ज्यांच्या ग्रंथांत गणितासह लिहिले होते त्यांनाच ग्रहणाच्या पुण्यकाळात दान मिळाले. त्याच ग्रहणात गावकुसाबाहेरचा महार-मांग ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी देत दारोदार फिरत असे, कारण राहू-केतू त्याच्या जातीचे ठरवले होते. एकाच सावलीखाली दोन दाने : एक गणित जाणणाऱ्याला, दुसरे गणितापासून दूर ठेवलेल्याला. बाबासाहेबांच्या चळवळीने येसकरकीबरोबर ही आरोळीही सोडायला लावली. मराठीतल्या कोणत्याही खगोलशास्त्राच्या पुस्तकात ग्रहणाच्या प्रकरणात ही आरोळी यायला हवी, असे मी म्हणतो. तोही ग्रहणाचा इतिहास आहे.

आकाश आमच्याकडे आले ते भीती होऊन. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले ते उगीच नाही. गरोदर कुणबी बाईला ग्रहांचा धाक घालून जोशी तिला लुबाडतो, एवढेच त्याचे कथानक. या परंपरेत नारळीकर फुल्यांच्या बाजूला उभे राहिले, हे ठामपणे सांगितले पाहिजे. ज्या अनुदान आयोगाने आयुका काढली त्याच आयोगाने २००१ साली विद्यापीठांत फलज्योतिष शिकवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी चाचणी घेतली : हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका, सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस तपासल्या. बरोबर उत्तरे सरासरी शेकडा ४६ च्या आसपास. नाणे उडवले असते तर पन्नास आली असती! दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. आकाशाविषयी खरे बोलण्याला या राज्यात केवढी किंमत पडते, ते यावरून दिसते.

पण भीती घालवणे आणि प्रवेश देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती चालवणारे पुण्याचे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशातील आरक्षणाचा २००६ चा कायदा आणि अध्यापकांच्या पदांतील आरक्षणाचा २०१९ चा कायदा काढून पाहावेत. दोन्हींच्या परिशिष्टात ज्या ‘उत्कृष्ट’ संस्थांना सूट दिली आहे त्यांत ही संस्था आहे. म्हणजे शेत खोडदचे, कर साऱ्या देशाचा आणि उत्कृष्टता मात्र आरक्षणापासून सांभाळून ठेवायची! पाटणच्या मठाच्या दानपत्रात आणि या परिशिष्टात फरक आहे तो भाषेचा.

माझ्याकडे पदार्थविज्ञान घेऊन पदवी झालेला एक मुलगा वाचनालयाच्या निमित्ताने येतो. वडील हातमजुरीवर. आकाशाबद्दलचे मराठीत मिळेल ते त्याने वाचले आहे. आजीकडून त्याला सप्तर्षी ‘म्हातारीची बाज’ म्हणून ठाऊक आहेत : चार खूर आणि बाज पळवायला आलेले तीन चोर. (विदर्भातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांत संशोधकांनी अशाच खाटेच्या आणि चोरांच्या कथा नोंदवल्या आहेत, रात्री शेतात जागणाऱ्यांचे हे खगोलशास्त्र.) पुढे शिकायचे तर प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून, मुलाखत इंग्रजीतून, पीएच. डी.ला पाच-सहा वर्षे, आणि शिष्यवृत्ती वेळेवर येईल याचा भरवसा नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवाराची जागा निघाली की तो अर्ज भरणार आहे. घरच्यांना ते पटते. मलाही त्याला दुसरे काही सांगण्याचा धीर होत नाही.

दुसऱ्या शनिवारचे व्याख्यान ऐकायचे तर त्याने शुक्रवारी भुसावळला गाडी धरावी, रात्रभर प्रवास करावा आणि रविवारी परतावे. व्याख्यान फुकट आहे. दोन दिवसांची मजुरी बुडते. आयुका उलटी इकडे येऊ शकते. महाविद्यालयांतल्या अध्यापकांना सहयोगी करून घेण्याची सोय तिच्या घटनेतच आहे, खानदेशाला १९९० पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि त्याला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे. महिन्यातून एक व्याख्यान भुसावळला किंवा वरणगावला, मराठीतून, संध्याकाळी कामाची पाळी सुटल्यावर. व्याख्यानानंतर प्रश्न तोंडी विचारायची सक्ती नको, पोस्टकार्डे वाटावीत. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्या कार्डांना उत्तरे कोण लिहिणार, हे आता संस्थेने ठरवायचे आहे.